व्येल्गोश बंधू आणि मधली पोला

अपोलोनिया व्येल्गोश हिनं जन्मात एकही शोपका बनवली नाही, पण शोपकेपायी तिच्याइतकं चॉकलेट क्राकूव शहरात दुसऱ्या कुणी खाल्लं नसेल. शोपका म्हणजे नाताळातला येशूजन्माचा देखावा. बाकीच्या जगात अशा देखाव्यात गवताचा गोठा असतो, गाय-गाढव असतं. आमच्या क्राकूवच्या माणसाला एवढ्यावर समाधान नाही. येशू जन्मला असेल बेथलेहेमात, पण शोपकेत तो आमच्या बाजारचौकातच जन्मतो. बाजूंना मारियाच्या चर्चचे मनोरे, मध्ये राजवाड्याकडचा सोनेरी घुमट, खाली कापडबाजाराच्या कमानी, आणि हे सगळं लाकडा-पुठ्ठ्याचं, वरून चॉकलेटच्या चांदीनं मढवलेलं. ही चांदी आभाळातून पडत नाही. तिच्या आतलं चॉकलेट कुणीतरी खावं लागतं, आणि व्येल्गोशांच्या घरात ते काम लग्न होऊन आल्या दिवसापासून पोलाकडे होतं.

पोला झ्वेझिनेत्सची. नदीकाठचा तो भाग म्हणजे पूर्वी सगळी गवंड्यांची वस्ती. हिवाळ्यात चुना गोठतो, बांधकाम बंद पडतं, आणि रिकामा गवंडी घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करतो. या त्रासावर तोडगा म्हणून तिथल्या गवंड्यांनी शोपका करायला घेतल्या असाव्यात, असं पोलाचं मत. इतिहासाच्या पुस्तकात दुसरं काही लिहिलं असेल, पण पुस्तक लिहिणाऱ्यांना घरात बसलेला गवंडी सांभाळावा लागलेला नसतो.

चौकात ती आली मावशीच्या बोटाला धरून. कापडबाजाराच्या कमानींखाली मावशीचं दुकान होतं: कोरीव लाकडी डबे, अंबराच्या माळा आणि मेंढीच्या कातड्याच्या सपाता. मावशी गेल्यावर दुकान पोलाकडे आलं. सपाता चोरीला जाऊ नयेत म्हणून मावशीनं एक युक्ती शिकवली होती. डाव्या पायाच्या तेवढ्या समोर मांडायच्या, उजव्या मागच्या खोक्यात ठेवायच्या. एक पाय चोरून चोराला काय मिळणार? ही सवय पोलाच्या हाडीमाशी इतकी खिळली, की घरात मोजे वाळत घालतानासुद्धा ती डावे एका दोरीवर आणि उजवे दुसऱ्या दोरीवर घाली.

परदेशी पाहुणे तिला विचारत, "बाई, नगरभवन कुठं आहे?"

पोला समोरच्या एकट्या मनोऱ्याकडे बोट दाखवी. "तो मनोरा दिसतो ना? नगरभवन त्याला चिकटून होतं."

"मग?"

"पाडलं."

"कुणी? शत्रूनं?"

"छे! आमच्याच शहाण्यांनी. चौक मोकळा हवा होता त्यांना. मनोरा तेवढा राहिला. आता कलतोय बिचारा. एकटं पडल्यावर कलणारच माणूस."

मनोरा वादळानं कलला असं लोक सांगतात. पोलाला ते पटत नसे.

तेओफिल व्येल्गोश तिला भेटला तो दुकानातच, आणि भेटला म्हणण्यापेक्षा आडवा आला. हातात दोरा आणि पेन्सिल घेऊन तो दुकानासमोरच्या कमानीचं माप घेत होता. एकेक कमान तीन-तीनदा मोजी. त्याच्या त्या भल्यामोठ्या पाठीमुळे दुपारभर एकाही गिऱ्हाइकाला दुकान दिसलं नाही. शेवटी पोला ओरडली, "अहो पाव्हणे, काही घेणार आहात, का नुसतंच मोजणार?" तेओफिल इतका लाजला की समोरची सपात मापाची आहे की नाही हेही न बघता घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती बदलायला त्याचा धाकटा भाऊ लुद्विक आला. "दादाला यायची लाज वाटते," तो म्हणाला, "पण येईल. तुम्ही काल ओरडलात ते त्याला फार आवडलं." असं ते लग्न जमलं. त्यात निम्मा वाटा लुद्विकचा होता, हे पोला कधी विसरली नाही.

दोघे भाऊ गवंडी, बापही गवंडी. घर दुमजली, अरुंद जिन्याचं. वर तेओफिल आणि पोला, खाली लुद्विक आणि त्याची बायको. ती बिचारी लवकर गेली, आणि मग लुद्विक रविवारी वर जेवायला येऊ लागला. शोपका दोघे मिळून करत. वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं, वडिलांच्याच नमुन्यावरून. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी शहरातले सगळे कारागीर आपापल्या शोपका घेऊन चौकातल्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर जमतात. दुपारी चर्चच्या मनोऱ्यातून तुतारी वाजते, आणि पूर्वी वाजवणाऱ्याला बाण लागला होता म्हणून मधेच तुटते; ती झाली की मिरवणूक निघते, मग परीक्षक बघतात. व्येल्गोश बंधूंना दर वर्षी 'उल्लेखनीय' असा शेरा मिळे. उल्लेखनीय म्हणजे काय, तर बक्षीस नाही, पण तोंड पाडूनही जाऊ नका.

अशाच एका उल्लेखनीय वर्षी घरी परतताना तेओफिलच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. तो चौकात थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, "लुद्विक, आपण खोटं करतोय."

"काय खोटं?"

"ते बघ चर्च. डावा मनोरा उंच आहे, टोकदार, मुकुटाचा. उजवा बुटका, गोल टोपीचा. आणि आपण दोन्ही उंच करतो, दोन्ही सारखे. डोळे आहेत का आपल्याला?"

"शोपकेत दोन्ही सारखेच असतात. सगळेच तसे करतात. शोभा असते त्यात. बाबाही तसेच करायचे."

"बाबांचं सोड," तेओफिल म्हणाला. "बाबांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं."

झालं. लुद्विकनं हातातली शोपका तिथंच पायऱ्यांवर ठेवली आणि चालू लागला. मेलेल्या बापाला आंधळा म्हणणारा भाऊ नको, असं त्यानं पोलाला सांगितलं. तेओफिलनं पोलाला सांगितलं की खरं बोललेलं ज्याला झोंबतं त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून दोघांमध्ये जे काही बोलणं झालं ते पोलाच्या तोंडून झालं.

रविवारच्या जेवणाला लुद्विक मात्र येतच राहिला. भांडण भावाशी होतं, कोंबडीच्या रश्श्याशी नव्हतं.

"वहिनी, त्याला सांगा, मीठ इकडे सरकव म्हणावं."

"पोला, त्याला सांग, मीठ त्याच्या कोपराजवळच आहे."

"वहिनी, त्याला सांगा, मला दिसतं. आमच्या घराण्यात सगळ्यांना दिसतं."

पोला मधे बसून मान इकडून तिकडे फिरवी. मिठाची बाटली स्वतःच उचलून देणं सोपं होतं, पण मग तिला वाटे, आपण मिठाची बाटली झालो तर हे दोघे एकमेकांना निरोपसुद्धा पाठवणार नाहीत. म्हणून ती निमूटपणे निरोप पोचवी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पवित्र पोळीचा तुकडा एकमेकांना मोडून द्यायचा आणि गेल्या वर्षाचं सगळं माफ करायचं, असा आमचा रिवाज. व्येल्गोशांकडे तेओफिल पोलाबरोबर पोळी मोडी, लुद्विक पोलाबरोबर मोडी, आणि माफी वाटेत पोलापाशीच अडकून राही.

चौकातल्या लोकांना तर ही आयतीच करमणूक. चर्चचे दोन मनोरे दोन भावांनी बांधले, धाकट्याचा जास्त उंच जाईल या भीतीनं थोरल्यानं त्याला सुरीनं भोसकलं, ही गोष्ट इथं पोरंटोरंही सांगतात. ती सुरी अजून कापडबाजाराच्या दारात टांगलेली आहे, पोलाच्या दुकानापासून दोन पावलांवर. फुलं विकणारी बोगुमिला रोज सकाळी दुकानात डोकावून विचारी, "पोला, सुरी आहे ना जागेवर? का तुझे दोघे घेऊन गेले?"

पोला हसे. पण खरं सांगायचं तर तिला आतून भीती वाटे. दोघांची वयं झाली होती. तेओफिलला जिना चढताना दम लागे, लुद्विकचे गुडघे कुरकुरत. यातला एक जाईल, आणि दुसरा थडग्यापाशी उभा राहून म्हणेल, "पोला, त्याला सांग..." हे तिच्या डोळ्यांपुढे येई आणि तिला रात्रीचा घास गोड लागत नसे. दोघांनी एकदा एकमेकांशी तोंडानं बोलावं, मग शिव्या का देईनात, एवढंच तिला हवं होतं.

आता शोपका दोन झाल्या होत्या. वर तेओफिलची, एक मनोरा उंच आणि एक बुटका. खाली लुद्विकची, दोन्ही उंच. चांदी पोलानं काटेकोर वाटून द्यायची. चॉकलेटात बुडवलेल्या आलूबुखाऱ्याची सोनेरी चांदी कुणाला किती, यावरून निरोपांची ये-जा जेवणभर चाले. शोपका दोन्ही माणसाच्या छातीएवढ्या, जिन्यातून मनोऱ्यांसकट निघत नसत. म्हणून मनोरे खुंटीवर बसवलेले असत, काढता-घालता येतील असे. हे मनोरे वेगळे गुंडाळून चौकात न्यायचं काम पोलाचं. दोघांचाही दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

तर त्या गुरुवारी सकाळी तेओफिलची शोपका पाववाल्याच्या गाडीतून निघाली. त्याच गाडीत लुद्विकची सहज मावली असती, पण लुद्विकनं आपली हातगाडीवर बांधली आणि स्वतः ओढत निघाला. मनोऱ्यांना हादरा सोसत नाही म्हणून पोला ट्रामनं. तिच्याकडे चौकड्यांच्या दोन पिशव्या होत्या. दोन पिशव्या आणि चार मनोरे म्हटल्यावर कुणीही शहाणी बाई एका भावाचे एका पिशवीत आणि दुसऱ्याचे दुसरीत भरील. पोलानं आदल्या रात्रीच सवयीनं दोघांचे डावे एका पिशवीत आणि दोघांचे उजवे दुसरीत भरून पिशव्या जिन्याखाली ठेवल्या होत्या.

ट्राममध्ये बसायला जागा मिळाली. पिशव्या पायाशी ठेवून ती खिडकीतून बघत होती, आणि बघते तर रस्त्याच्या मधोमध लुद्विक हातगाडी ओढत चाललेला, त्याच्या मागे पाववाल्याची गाडी अडकलेली, आणि गाडीत पुढं बसलेला तेओफिल स्वतः हात घालून भोंगा वाजवतोय. लुद्विक मुद्दाम आणखी हळू चालला होता. "येशू-मारिया!" पोला काचेला नाक लावून पुटपुटली. ट्राम दोघांच्या पुढं गेली तरी ती मान मोडून मागेच बघत राहिली. तिचं उतरायचं ठिकाण आलं, दार बंद व्हायला लागलं, तेव्हा ती भानावर आली आणि हाताला लागलं ते उचलून खाली उडी मारली.

चौकात पुतळ्याच्या पायऱ्या झगमगत होत्या. थंडीत उभे कारागीर एकमेकांच्या घुमटांना आ वासून "वा, वा" म्हणत होते आणि मनातून नावं ठेवत होते. पायऱ्यांच्या एका टोकाला तेओफिल चादर काढून उभा, दुसऱ्या टोकाला लुद्विक. पोलानं पिशवी तेओफिलपुढं ठेवली. त्यानं कापड सोडून आपला बुटका मनोरा काढला, उजव्या खुंटीवर बसवला, आणि हात पुढं केला.

"डावा?"

पोलानं पिशवीत हात घातला. आत एकच मनोरा उरला होता, आणि तो लुद्विकचा. तिनं दुसऱ्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या हातात काही नव्हतं. दुसरी पिशवी ट्रामबरोबर पुढं गेली होती.

"पिशवीत..." ती म्हणाली, आणि तिनं लुद्विकचा मनोरा काढून हातात घेतला.

तेओफिलनं स्वतः पिशवी चाचपली. त्याचे कान लाल झाले. "रात्रभर पिशव्या जिन्याखाली होत्या, हो ना? जिन्याखाली कोण राहतं?"

"अहो, थांबा, ऐका तर..."

पण तो निघालासुद्धा. पायऱ्यांवरच्या शोपका ओलांडत, कारागिरांच्या शिव्या खात, तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. पोला लुद्विकचा मनोरा छातीशी धरून मागोमाग धावली. सगळं सांगून टाकायचं तिनं ठरवलंच होतं. तोंड उघडलंही होतं.

"ए," तेओफिल लुद्विकला म्हणाला. "माझा मनोरा दे."

पोलानं तोंड मिटलं.

लुद्विकनं मागं वळून बघितलं. आपल्या मागं कुणी उभं असेल, त्याच्याशी हा बोलतोय, असं त्याला वाटलं. कुणी नव्हतं. तेव्हा तो सवयीनं म्हणाला, "वहिनी, त्याला सांगा..." आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्यावर चोरीचा आळ आलाय. निरोप पाठवण्याइतका धीर त्याला राहिला नाही. "तुझा मनोरा? तुझा वाकडातिकडा मनोरा मी कशाला घेऊ? माझे मला दोन चांगले..." त्यानं पोलाच्या हातातला मनोरा घेतला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. दुसरा नव्हता. "माझा डावा कुठाय? तू घेतलास! तुला उंच मनोरा जमत नाही, म्हणून तू माझा ढापलास!"

"मला जमत नाही? मी तुला खुंटी तासायला शिकवली, गाढवा!"

"गाढव तू! पहाटे पेपर आणायला खाली तू उतरला होतास!"

"पेपर आणणं हा गुन्हा आहे का?"

"पेपरात मनोरा गुंडाळून नेला असशील!"

पोला दोघांच्या मधे उभी होती आणि कुणीही तिला काहीही सांग म्हणत नव्हतं. शब्द तिच्या डोक्यावरून सरळ इकडून तिकडे जात होते. बोगुमिला फुलांच्या छत्रीखालून धावत आली. "अगं, भांडतायत! पोला, यांना आवर!"

"गप्प बस," पोला म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस."

कबूल करायला हवं होतं, हे तिला कळत होतं. निरपराध माणसं एकमेकांना चोर म्हणत होती आणि चूक जिची होती ती बाई मधे उभी होती. पण बोलली असती तर तेओफिल "हं" म्हणाला असता, लुद्विक "हं" म्हणाला असता, आणि दोघे आपापल्या टोकाला जाऊन पुन्हा मुके झाले असते. अजून थोडं होऊ दे, ती स्वतःला सांगत राहिली. एवढं मनोऱ्याचं संपू दे.

मनोऱ्याचं संपलं आणि मग मागचं निघालं. शिडी कुणी मोडली होती, बाबांचं घड्याळ कुणाकडे गेलं, अंत्यविधीला कोण उशिरा आलं. लुद्विक लालबुंद होऊन ओरडला, "बाबांना आंधळा म्हणालास तू! याच चौकात!"

"म्हणालो! मग? डोळ्यात चुना गेला होता त्यांच्या! फळीवरून बादली पडली. मीच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं होतं. उजवा डोळा गेला तो गेलाच, बाहेरून मात्र धड दिसायचा. उजवा मनोरा नीट दिसायचा नाही त्यांना, म्हणून डाव्यावर काठी लावून माप घ्यायचे, आणि मी ती काठी धरायचो."

लुद्विकचा आवाज खाली आला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तू पाळण्यात होतास!"

"नंतर तरी सांगायचं!"

"तू बोलत कुठं होतास?"

"तू बोलत नव्हतास!" लुद्विक म्हणाला, आणि मग आणखी काहीतरी सुचून त्याचा आवाज पुन्हा चढला. "आणि काय रे, बाबांच्या डोळ्यात चुना गेला, ठीक. अख्ख्या शहराच्या डोळ्यात गेला होता का? हे बघ, हे बघ, सगळ्यांचे दोन्ही सारखे आहेत!"

आजूबाजूच्या कारागिरांनी आपापल्या मनोऱ्यांकडे बघितलं. तेओफिल बोटानं एकेक जोडी मोजू लागला.

तेवढ्यात नोंदणीच्या बाई आल्या. गळ्यात बिल्ला, नाक थंडीनं लाल. "तुतारीची वेळ झाली. काय गोंधळ आहे? या दोन्ही एकेका मनोऱ्याच्या कशा?"

"याला विचारा," तेओफिल म्हणाला.

"चोराला विचारा," लुद्विक म्हणाला. "नाहीतर पोलिसांनाच बोलवा."

पोलिसांचं नाव निघालं तेव्हा पोलाला आणखी ताणवेना. "मी विसरले," ती म्हणाली. "ट्राममध्ये. दोघांचे डावे एका पिशवीत होते. ती पिशवी राहिली."

दोन्ही भाऊ तिच्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी ओरडले.

"ट्राममध्ये?"

"डावे एकत्र कोण भरतं, वहिनी? काय ते मोजे आहेत?"

"अख्खा उन्हाळा मी त्या मुकुटावर घालवलाय, पोला!"

"आणि एवढा वेळ तुम्ही नुसत्या उभ्या?"

"हो ना! आम्ही इथं गळे फाडतोय, आणि तू गप्प बसलीस?"

"बसले," पोला म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "तुम्ही बोलत होतात ना."

तेओफिल आपल्या बुटांकडे बघू लागला. लुद्विकनं टोपी काढली, पुन्हा घातली. कबुतरं पायांत घुटमळत होती. ज्या शांततेला पोला भ्यायली होती तीच ही, असं तिला वाटलं.

लुद्विक खाकरला. "वहिनी, त्याला सांगा..."

पोला सवयीनं तेओफिलकडे वळली.

"...नको, राहू द्या. मीच सांगतो. ए, तुझा तो बुटका घेऊन इकडे ये."

"कशाला?"

"माझे दोन्ही सारखे असतात. म्हणून मी हा डाव्या खुंटीवर पण बसवू शकतो. तुझ्यासारखं नाही, एक हरवला की सगळं संपलं. बघ, बसला. आता तुझी शोपका माझ्या उजव्या अंगाला चिकटव. डावीकडे माझा, उजवीकडे तुझा. दोन मनोरे झाले."

तेओफिल आपली शोपका घेऊन आला, चिकटवली, दोन पावलं मागं सरकला. मग त्यानं वर चर्चकडे बघितलं, खाली शोपकेकडे बघितलं. डावा उंच, उजवा बुटका. त्याच्या मिशा हलू लागल्या. "लुद्विक, हे तर माझ्यासारखं झालं."

"हो, पण माझ्या मनोऱ्यानं झालं."

"मधे दोन-दोन घुमट आले."

"आणि येशूही दोन आले," बोगुमिला म्हणाली. "जुळे!"

"एकाला काढा," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. "आणि नाव काय लिहू? पटकन सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी कुणी सांगायचं, हे ठरेना. शेवटी पोलानं सांगितलं, "व्येल्गोश बंधू लिहा," आणि तिच्या आयुष्यात ती शेवटची वेळ, जेव्हा तिनं दोघांच्या वतीनं काही सांगितलं. तिनं आपली शाल काढली आणि दोन्ही शोपका एकत्र आवळून बांधल्या. कुणाचा येशू काढायचा यावर तिथं पुन्हा जुंपली, आणि अखेर धाकट्याचा ठेवला, कारण तो बाळासारखा दिसत होता आणि तेओफिलचा बाप्यासारखा.

वर मनोऱ्यात तुतारी सुरू झाली आणि नेहमीसारखी मधेच तुटली. दोघांनी चार हात लावून शोपका उचलली. "हळू, पायरी आहे." "दिसतेय मला." "डावीकडे घे." "तुझं डावं की माझं?" मिरवणूक चौकाला वळसा घालत निघाली आणि पोला मागोमाग मोकळ्या हातांनी चालली. शालीवाचून तिला हुडहुडी भरली होती. डोळे वाहत होते आणि ते तिनं पुसले नाहीत. आनंद झाला होता तिला, अगदी सरळ, उघडा आनंद.

त्या संध्याकाळी लुद्विक गुरुवार असूनही वर जेवायला आला. दोघे मिळून पोलावर तुटून पडले, तिच्या विसरभोळेपणाचे सगळे दाखले निघाले. मग एकमताचा हुकूम सुटला: उद्या जाऊन पिशवी शोधून आण. नाहीच मिळाली तर नवे मनोरे करावे लागतील, आणि ते किती उंचीचे, यावर रस्सा थंड होईपर्यंत वाद चालला. तेओफिलनं टेबलावरच पेन्सिलीनं रेघ मारली. लुद्विकनं ती पुसून वर मारली.

शुक्रवारी पोला ट्रामच्या कचेरीत गेली. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एक गोरटेला, गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याच्या मागं छत्र्यांचा ढीग, एकेकटे हातमोजे आणि एक कवळी. पोलानं पिशवी म्हणताच त्याचा चेहरा उजळला. त्यानं आतून चौकड्यांची पिशवी आणली, दोन्ही मनोरे अलगद काढून फळीवर शेजारी शेजारी उभे केले.

"कालपासून सगळे येऊन बघून जातायत," तो म्हणाला. "एक ओरखडा नाही. काय काम आहे, बाई! कुणाचं हो?"

पोलानं बघितलं. तेओफिलचा मुकुट झळकत होता, त्यातला कण न् कण तिच्या ओळखीचा. लुद्विकच्या मनोऱ्याच्या खिडक्यांना लाल कागद होता, तो लावताना त्याचं बोट कापलं होतं आणि तिनंच चिंधी बांधली होती. दोघांचा उन्हाळा, दोघांचा शरद त्या फळीवर उभा होता. हे घरी नेले की एक वर जाईल, एक खाली जाईल. ज्याचा त्याला मिळेल, ज्याची त्याची शोपका पुरी होईल. टेबलावरच्या रेघेची मग कुणाला गरज पडणार नाही.

तिला फार वाईट वाटलं. तेओफिलसाठी तर जास्तच. तिनं हात पुढं करून मुकुटाला एकदा बोट लावलं.

"तुमचेच ना?" त्या माणसानं विचारलं.

"नाही हो," पोला म्हणाली. "हे आमचे नाहीत."